रूळ, रान आणि भीमेचं खोरं

कोरेगाव भीमाला रेल्वे नाही. पुणे-नगर रस्त्यावरचं हे गाव नकाशावर आलं ते या रस्त्यामुळे. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन स्टॉन्टनची पलटण शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाली, ती याच वाटेने. आणि दुसऱ्या दिवशी भीमेच्या काठी जी लढाई झाली तिचा जयस्तंभ आजही लाखो लोकांना इथे आणतो. लष्करी दृष्टीने इतक्या मोलाची असलेली ही वाट चाळीस वर्षांनी रेल्वे आखणाऱ्या इंजिनिअरांनी मात्र सोडून दिली. त्यांचं लक्ष सोलापूर, रायचूर आणि पुढे मद्रासकडे होतं. पुण्याहून निघालेले रूळ आग्नेयेला वळले आणि लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस करत दौंडला पोचले. नगरला रेल्वे मिळाली तीही दौंडवरून. मधलं शिरूर कोरडंच राहिलं.

नदी मात्र कोरेगाव आणि दौंड या दोन्ही गावांना जोडते. कोरेगावाखालून वाहणारी भीमा रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठेला पोटात घेते आणि दौंडच्या उत्तरेने पुढे जाते. एका काठाला बैलगाडी, मग मोटार, मग ट्रक. दुसऱ्या काठाला आगगाडी. या दोन वाटांच्या मधल्या पट्ट्यात रेल्वे आणि वनखातं यांचा जो इतिहास घडला, तो पुणे जिल्ह्याने एकत्रपणे कधी नीट मांडलेला नाही.

दोन्ही एकत्र मांडण्याचे प्रयोग जगात झाले आहेत. स्लोव्हाकियात चिएर्नी बालोग या गावी १९०९ साली लाकूड ओढण्यासाठी अरुंद रुळांची जंगल रेल्वे सुरू झाली. ती १९८२ मध्ये बंद पडली, गावकऱ्यांनी आणि तरुण स्वयंसेवकांनी ती खपून पुन्हा उभी केली आणि १९९२ पासून ती प्रवासी नेऊ लागली. तिच्याच एका फाट्यावर, दरीत, उघड्यावर वनसंग्रहालय आहे: झाडं कशी पाडत, ओंडके कसे खाली आणत, रोपं कशी लावत, हे तिथल्या रानातच पायी फिरून बघायचं. आपल्या जवळचं उदाहरण लाहोरच्या दक्षिणेला आहे. छांगा मांगा इथे १८६६ पासून ब्रिटिशांनी हजारो एकरांत शिसव आणि तुती लावली ती रेल्वेच्या जळाऊ लाकडासाठी. जंगल तोडून रेल्वे झाली, ही गोष्ट सर्वत्र ऐकू येते. इथे रेल्वेसाठी जंगल पेरलं गेलं. त्या लागवडीतली छोटी ट्रॉलीगाडी पुढे सहलीची गाडी झाली. महाराष्ट्रात नागपूरच्या मोतीबागेत २००२ साली उघडलेलं नॅरोगेज संग्रहालय आहे, जुनी इंजिनं आणि डबे आवारात उभे आहेत. पण रानाची बाजू तिथे येत नाही, आणि यायचं कारणही नाही. तो रेल्वेचा संग्रह आहे.

भीमेच्या खोऱ्यात इंजिनं मांडलेली नाहीत. इथे वस्तू आपापल्या जागीच आहेत. दापोडीपासून डिकसळपर्यंत एक दिवस डोळे उघडे ठेवून गेलं, तर छप्पर नसलेलं एक संग्रहालय पाहून होतं.

त्याचं पहिलं दालन दापोडी. लोकलच्या फलाटावर उतरणाऱ्याला इथे एके काळी मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पतिबाग होती, हे कोण सांगणार? पेशव्यांच्या पदरी असलेल्या कॅप्टन फोर्डचा बंगला गव्हर्नर जॉन माल्कमने १८२८ मध्ये सरकारसाठी घेतला आणि तिथे बाग उठवली. पुढे तिचा अधीक्षक झाला अलेक्झांडर गिब्सन. हा पेशाने डॉक्टर; दख्खन आणि खानदेशात देवी टोचत गावोगाव हिंडलेला. त्या भटकंतीत त्याने माणसांबरोबर डोंगरही पाहिले, आणि झाडी तुटली की ओढे आटतात हे तो सरकारला कळवत राहिला. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून त्याचीच नेमणूक झाली. इंग्रज राजवटीत एवढ्या मोठ्या मुलखासाठी कायमचा वनसंरक्षक नेमण्याचं हे आरंभीचं उदाहरण. दापोडीत १८४७ ते १८५० या काळात एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराने बागेतल्या वनस्पतींची जी चित्रं काढली, ती आज एडिंबराच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकाराचं नाव कुणाला ठाऊक नाही.

गिब्सन दापोडीत असतानाच रेल्वे तिथून गेली. १४ जून १८५८ रोजी खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. वनसंरक्षकाच्या बागेशेजारून रूळ जाणं हा योगायोग, पण त्याचा अर्थ त्या काळच्या कागदांत स्पष्ट दिसतो. तोवर सरकारला जंगल हवं होतं ते मुंबईच्या गोदीसाठी. वाडिया घराण्याने बांधलेली जहाजं सागाची. डांगच्या भिल्ल राजांकडून १८४२ च्या सुमारास जंगलाचे पट्टे घेतले तेही सागासाठी. जहाजाच्या लाकडाची चिंता इंग्रजांच्या आधीपासूनची आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी साग-शिसव परवान्याने तोडावे आणि रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, असा स्पष्ट दंडक आहे. रेल्वे आली आणि गरजेचं माप बदललं. जहाज बांधायला निवडक, वाकदार, जुनी झाडं लागतात. रुळाखाली लागतात ते एकसारखे तुकडे, आणि ते मोजता येणार नाहीत इतके.

मोजता येत नाहीत असं म्हटलं तरी हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या काळी एका मैलाला साधारण १,७६० ते २,००० स्लीपर धरत. पुणे ते दौंड अंतर सुमारे ७६ किलोमीटर, म्हणजे ४७ मैल. सगळे स्लीपर लाकडी धरले तर या एवढ्याशा टप्प्याला सुमारे ८३ ते ९४ हजार लागतात. एका चांगल्या झाडातून तीन ते पाच निघतात. आणि काम एकदाच भागत नाही: पाऊस, ऊन आणि वाळवी यांनी हलक्या जातीचं लाकूड काही वर्षांतच संपतं, सागासारखं कणखर लाकूड दहा-पंधरा वर्षं टिकतं. मग तो तुकडा उपसून नवा घालायचा. रेल्वेची भूक पहिल्या जेवणाने शमणारी नव्हती.

ती भागवायला भीमथडीत काय होतं? पुण्याच्या पूर्वेचा हा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. इथे रान म्हणजे सागाचं वन नव्हेच. नदीकाठच्या काळ्या मातीत बाभूळ, माळावर गवत, मध्ये बोर, हिवर, खैर. जुन्या भीमथडी तालुक्याचं नाव मराठी माणसाला माहीत आहे ते तिथल्या तट्टांमुळे. मराठी घोडदळाची ही चिवट, आखूड बांध्याची तट्टं याच गवतावर वाढली. सरकारी कुरणं राखलेली असत, ठरावीक दिवसांनी गवत कापलं जाई. वस्तीजवळच्या बाभळीही अशाच कामाच्या: गाडीच्या चाकाचा तुंबा, आरे आणि पुट्ठे बाभळीचे, कुळव-नांगराला बाभूळ, सालीने कातडं कमवायचं, शेंगा शेळ्यांना, काटेरी फांद्यांचं कुंपण. सुतार आणि ढोर, धनगर आणि शेतकरी या सगळ्यांचं पोट या एका झाडाशी बांधलेलं. वनखात्याच्या नोंदीत मात्र हे रान सागाच्या तुलनेत दुय्यम. पुढच्या सगळ्या तंट्याचं मूळ इथे आहे: ज्या रानातून रेल्वेला स्लीपर मिळणार नव्हते, त्यालाही रेल्वेच्या काळात घडलेला कायदाच लागू झाला.

स्लीपरचं कोडं इंजिनिअरांनी बाहेरून सोडवलं. बाल्टिक किनाऱ्याचं पाइन क्रिओसोटमध्ये बुडवून जहाजाने आणलं गेलं. इंग्लंडमध्ये ग्रीव्ह्ज याने १८४६ साली ओतीव लोखंडाच्या पालथ्या भांड्यासारख्या स्लीपरचं पेटंट घेतलं होतं. त्याच धर्तीचे स्लीपर भारतात आले. रुळाखाली दोन लोखंडी घमेली, मध्ये जोडणारी पट्टी. वाळवी लागत नाही, कुजत नाही. पुढे भारतीय रेल्वेवर ओतीव लोखंडाचे आणि नंतर पोलादी स्लीपर भरपूर वापरले गेले, आणि गेल्या अर्धशतकात काँक्रीटने सगळ्यांना हटवलं. काढलेलं जुनं लाकूड लिलावात जाई. रुळांच्या तुळया आणि स्लीपरच्या चौकटी रेल्वे गावांच्या जुन्या घरांत सापडतात. या संग्रहालयातल्या या वस्तू लोकांच्या घरांतच जतन झाल्या आहेत.

घाटात गोष्ट वेगळी होती. मुंबई-पुणे सलग प्रवासाला १८६३ उजाडलं. तोवर पायथ्याच्या खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत प्रवासी पालखीतून, तट्टावरून नाहीतर बैलगाडीतून वर येत. जेम्स बर्कले याने आखलेला बोरघाटाचा मार्ग जेमतेम १६ मैलांचा, त्यात १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. १८५६ मध्ये सुरू झालेलं हे काम पावसाळ्यात थांबे आणि उरलेल्या आठ महिन्यांत माणसांची गर्दी उसळे. जानेवारी १८६१ मध्ये ४२ हजार मजूर कामावर होते. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच मेला. कंत्राट त्याची बायको अॅलिस हिने निभावलं. तिचं नाव तरी कागदावर राहिलं. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांत जे हजारो मजूर गेले त्यांची यादी कुठेच नाही. आणि ४२ हजार माणसं रोज चूल पेटवतात म्हणजे घाटाच्या उतारावरची किती झाडी जळाली असेल, याचा विचार बोगद्यांचं कौतुक करणाऱ्या पुस्तकांत सहसा येत नाही.

खंडाळ्याजवळ गाडी उलट करायचं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. चढ इतका की सलग वळण बसेना. म्हणून गाडी एका टोकाला थांबवून इंजिन दुसऱ्या बाजूला लावत. १९२९ मध्ये नवी लाइन आणि विजेची इंजिनं आली आणि ते बंद पडलं. त्याच परिसरात माल्कमच्या काळातल्या घाटरस्त्याचा पूल होता, ज्याला सगळा महाराष्ट्र अमृतांजन पूल म्हणून ओळखायचा. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत रस्ता मोकळा मिळाला आणि तो पाडला गेला. वाहतुकीची अडचण खरी होती. पण उघड्यावरच्या या संग्रहालयातली एक वस्तू एका दिवसात कशी जाते, हेही तेव्हा दिसलं.

पुण्याच्या पूर्वेला घाटाची अडचण नव्हती. त्यामुळे घाट अपुरा असतानाच १५ डिसेंबर १८५८ ला पुण्याहून डिकसळपर्यंत गाडी गेली, आणि भीमेच्या काठाशी थांबली. पूल ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, ती पोचली २३ ऑक्टोबर १८५९ रोजी. दौंडला तेव्हा फक्त एक स्टेशन होतं. त्याचं जंक्शन झालं ते दुष्काळामुळे.

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनवर कोसळला तेव्हा सरकारने मोठी कामं काढली. दौंड-मनमाड रेल्वेचं मातीकाम हे त्यांतलं एक. धान्याच्या भावाच्या मानाने मजुरी तुटपुंजी ठरवली गेली तेव्हा १८७७ च्या सुरुवातीला हजारो मजूर दुष्काळी कामं सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. भराव घालणारे हात नगर, श्रीगोंदा, भीमथडीच्या उपाशी शेतकऱ्यांचे. सुमारे १४५ मैलांचा तो मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या दोन मुख्य फाट्यांची दख्खनमध्ये गाठ पडली. दौंडच्या उत्तरेला भीमा ओलांडणारी गाडी आज उंच भरावावरून जाताना दिसते, तेव्हा तो भराव कुणी घातला हे सांगणारी एखादी पाटी तिथे असायला हवी. ती नाही.

त्या मार्गाच्या जोडणीने दौंडचा स्वभाव ठरवला. मनमाडची लाइन स्टेशनच्या पुणे बाजूने फुटते. सोलापूरकडून येणारी गाडी सरळ निघून जाते, पण पुण्याहून नगरकडे जायची तर दौंडला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागे. पिढ्यानपिढ्या प्रवाशांनी तिथे अर्धा तास चहा-भज्यांत काढला. त्या वळणाला बगल देणारी कॉर्ड लाइन अलीकडे झाली आणि अनेक गाड्यांना आता दौंडच्या जुन्या स्टेशनात शिरावं लागत नाही. वाफेच्या काळात मात्र दौंडची किंमत वाढलेली होती: १९२९ मध्ये पुण्यापर्यंत वीज आली, पण त्यापुढे पूर्वेला धूरच. शेड, कोळसा, पाणी, फायरमन, रेल्वे कॉलनी, अँग्लो-इंडियन कुटुंबं या सगळ्यांनी गावाला वेगळी वळणं दिली. पुणे-दौंड टप्प्यावर विजेच्या तारा आल्या त्या थेट एकविसाव्या शतकात.

आणि पुन्हा १८७८. दौंड-मनमाड सुरू झाली त्याच वर्षी नवा वन कायदा झाला. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानचा पहिला इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स झाला, १८६५ मध्ये पहिला कायदा आला. पण खरी पकड बसली ती १८७८ च्या कायद्याने. राखीव जंगल, संरक्षित जंगल, गावजंगल असे वर्ग पडले. गावजंगल हा वर्ग कागदावर होता. व्यवहारात राखीवचीच हद्द वाढत गेली. सार्वजनिक सभेने त्या वेळी सरकारला लिहिलेला अर्ज आजही वाचण्याजोगा आहे. रान राखायचं असेल तर गावकऱ्याला विश्वासात घ्या, जो राखेल त्याला बक्षीस द्या, जो मोडेल त्याला हटवा, असा त्याचा आशय. रानाचा मालक कोण हे ठरवण्याआधी रान राखणारा कोण याचा विचार करा, असं म्हणणारी माणसं पुण्यात १८७८ मध्ये होती. ही गोष्ट अधिक माहीत असायला हवी.

जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्यावर जो कोरडा ओढला, तो याच जखमेवरचा. त्यांनी स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटं घेतली होती, दगड पुरवले होते. सार्वजनिक कामांचा खर्च आणि नफा कुठे जातो हे त्यांनी जवळून पाहिलेलं. कुरणं सरकारने ताब्यात घेतली आणि गरीब शेतकऱ्याची चार जनावरं चरायला जागा उरली नाही, हा त्यांचा मुद्दा भीमथडीच्या धनगराला पटवून द्यावा लागला नसता. ज्या शेळीने शतकानुशतकं बाभळीच्या शेंगा खाल्ल्या, तिच्यासाठी आता कोंडवाडा आणि दंड. रुळांनी शेतमालाला मुंबईची पेठ दिली, हे खरं; केडगाव, यवत, पाटसच्या स्टेशनांभोवती बाजार वाढले, बैलगाड्यांना फाट्यांवरून स्टेशनापर्यंतची नवी खेप मिळाली. पण ज्या कारभाराने हे दिलं, त्याच कारभाराने रानावर कुलूप घातलं. दोन्ही गोष्टी एकाच फाइलीतल्या आहेत.

केडगावचं स्टेशन या संग्रहालयात आणखी एका कारणाने येतं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा आणल्या त्या रेल्वेने. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तामुळे त्यांना ठेवणं अशक्य झालं, तेव्हा केडगावला नुकत्याच घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय झाली आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळात धान्य नेणारी गाडी माणसंही वाचवू शकते, याचं इतकं ठळक उदाहरण या मार्गावर दुसरं नाही.

दौंडच्या पुढे कुर्डुवाडीला १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फुटी रुळांवर, प्रत्येक आसावर जेमतेम पाच टन भार. हलके रूळ, हलकं काम. ही छोटी गाडी पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पसरली, वारकऱ्यांची लाडकी झाली, १९५४ मध्ये सरकारकडे आली आणि या शतकाच्या सुरुवातीला रुंद रुळांत विरून गेली. तिच्यावर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

मग रानाचं दालन कुठे पाहायचं? बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, पाच चौरस किलोमीटरचं. तिथे चिंकारा गवतात उभा दिसतो. नगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीला १९८० पासून काळवीट राखले आहेत. भीमथडीचा माळ एके काळी कसा होता, याचे हे दोन जिवंत नमुने. पुण्यात गणेशखिंडीची बाग आहे. दापोडीची बाग मोडल्यावर तिचा वारसा इकडे आला आणि २०२० मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. गिब्सनचं काम आणि आजचं माळरान यांच्यामध्ये जी साखळी आहे, ती या तीन जागा एका दमात पाहिल्यावरच हाताला लागते.

आणि शेवटचं दालन डिकसळ. उजनी धरणाचं पाणी भरू लागलं तेव्हा जुना लोहमार्ग बुडिताबाहेर सरकवावा लागला आणि भीमेवरचा दगडी कमानींचा पूल रेल्वेविना उरला. तो पाडला नाही. रस्त्यासाठी वापरात आला. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांची गावं, उसाच्या गाड्या, शाळेची पोरं त्यावरून जात राहिली. १८५९ मध्ये आगगाडीसाठी बांधलेला पूल दीडशे वर्षांनंतरही ट्रॅक्टर पेलत होता, हे त्याच्या पाथरवटांचं कसब. थंडीत भिगवणला रोहित पक्षी बघायला पुण्याहून शेकडो गाड्या येतात. त्यांतल्या फार थोड्या तिथून जवळच असलेल्या डिकसळकडे वळतात.

ऊसवाहतुकीला रुंद, मजबूत पूल हवाच, त्यात दुमत नाही. जुन्या पुलाचं पुढे काय करायचं ते ठरेल तेव्हा ठरेल, पण त्याआधी त्याची प्रत्येक कमान मोजून, आलेखून, छायाचित्रांत नोंदवून ठेवण्याचं काम एखादं अभियांत्रिकी महाविद्यालय एका हिवाळ्यात करू शकतं. दौंड स्टेशनच्या आवारात लाकडी, लोखंडी आणि काँक्रीटचा असा एकेक स्लीपर रुळाच्या तुकड्यासह मांडायला फार खर्च नाही. शेजारी बाभळीच्या तुंब्याचं एक चाक ठेवावं, आणि दौंड-मनमाडच्या भरावावर खपलेल्या दुष्काळी मजुरांची नोंद मराठीत लिहावी.